नऊ हजार कुल्हडांची गच्ची

माझ्या डोक्यावर एक सुभेदार राहतात. म्हणजे मी तिसऱ्या मजल्यावर आणि सुभेदार संपतराव जगताप चौथ्या, शेवटच्या मजल्यावर. मयूर विहारातली आमची सोसायटी जुनी आहे, लिफ्ट नाही, आणि मला इथे येऊन बारा वर्षं झाली तरी उन्हाळ्यात पहाटे चार वाजता वरच्या खिडक्या उघडल्याच्या आवाजावर चिडायचं मी सोडलेलं नाही. खाट, खाट, खाट, ओळीनं सात. सकाळी आठ वाजता त्याच सात खिडक्या त्याच क्रमानं बंद होतात. रविवार नाही, सणवार नाही.

आठ वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मी एकदा रीतसर भांडायला वर गेले होते. दुपारचे तीन वाजले होते. त्यांच्या पत्नी कांताकाकूंनी दार उघडलं, मी तोंड उघडलं, आणि काय बोलायला आले होते तेच विसरले, कारण आत गार होतं. दिल्लीत शेवटच्या मजल्यावरचं घर म्हणजे तंदूर, हे घरं दाखवणारा दलालसुद्धा खासगीत कबूल करतो. ह्यांच्या घरात एसी नव्हता, कूलर नव्हता, एक पंखा आपला सावकाश फिरत होता, आणि माझ्या दोन एसींच्या घरापेक्षा तिथे बरं वाटत होतं.

मी काय काम करते हे सांगितलं तर माझी पंचाईत कळेल. मी गुडगावातल्या एका कंपनीत इमारतींना त्या पर्यावरणस्नेही असल्याचे दाखले मिळवून देते. पंचवीस मजली काचेचे डबे. आधी ऊन आत घ्यायचं, मग ते बाहेर काढायला वीज जाळायची, आणि ती वीज जरा कमी जाळली म्हणून दाखला घ्यायचा. त्या दाखल्यांवर माझी सही असते. पंधरा वर्षं मी हे करत होते, आणि माझ्या डोक्यावर एक माणूस दाखल्याशिवाय, सहीशिवाय, माझ्याच विषयात माझ्या पुढे निघून गेला होता. मला आनंद झाला असं म्हणणं शोभलं असतं. पण मला राग आला.

राग ओसरल्यावर मी चौकशी सुरू केली. संपतराव बोलके नाहीत. प्रश्न विचारला की तेवढंच उत्तर देतात, आणि ते संपलं की गप्प. म्हणून ही हकीकत मी चार-पाच वर्षांत, चहाच्या निमित्तानं, तुकड्यातुकड्यानं काढून घेतली आहे.

ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचे. एकोणिसाव्या वर्षी फौजेत सॅपर म्हणून भरती झाले, म्हणजे लढणाऱ्यांसाठी पूल, रस्ते, बराकी बांधणारी तुकडी. तीस वर्षं नोकरी केली. पठाणकोट, जोधपूर, बाडमेर, पुण्यात दोन वर्षं आणि शेवटी दिल्ली छावणी. निवृत्त झाल्यावर हे घर घेतलं, शेवटचा मजला म्हणून स्वस्तात पडलं. मुलगा धैर्यशील त्यांच्याच वाटेनं फौजेत गेला, तो आता आसामात असतो.

कांताकाकू त्यांच्या बरोबर सगळीकडे फिरल्या. स्टोव्हवर, चुलीवर, जिथे जे मिळेल त्यावर तीस वर्षं रांधलं. तो धूर फुफ्फुसात राहिला. साठीला आल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की फुफ्फुसं निबर झाली आहेत, आता ती बरी होणार नाहीत, जपायची. उकाडा चालणार नाही. मग एसी लावला. तर एसीच्या कोरड्या गार हवेनं खोकल्याची अशी उबळ यायची की ओठ निळे पडायचे. एसी काढला. त्या उन्हाळ्यात काकू दोनदा दवाखान्यात गेल्या, दोन्ही वेळा संपतरावांनी आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, ह्यांना गावी घेऊन जा, दिल्लीचा जून ह्यांना झेपणार नाही. पण गावी श्वास अडला तर जवळचा दवाखाना तासाभराच्या वाटेवर. इथे रिक्षानं सात मिनिटं.

दोन्हीकडून अडलेला माणूस काय करतो? संपतराव गच्चीवर जाऊन बसले. सॅपर माणूस. स्लॅबला हात लावून बघितला आणि ठरवलं की शत्रू इथून येतो.

बाडमेरला असताना एका जुन्या कोठीची डागडुजी त्यांच्या तुकडीनं केली होती. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्यांना छताच्या पोटात ओळीनं पालथी घातलेली मडकी दाखवली होती. मडक्यात हवा कोंडलेली राहते, हवा ऊन पुढे जाऊ देत नाही, बस्स, एवढंच शास्त्र. माझ्या कंपनीत हेच सांगायला आम्ही साठ पानांचा अहवाल देतो.

मडकी महाग आणि वजनदार. मग कुल्हड, चहाचे मातीचे पेले. उत्तम नगरला कुंभारांची मोठी वस्ती आहे, आणि भट्टीतून निघणाऱ्या चहाच्या कुल्हडांत वाकडेतिकडे, काठाला टवका उडालेले बरेच निघतात, ते कुणी घेत नाही. मयूर विहारहून उत्तम नगरला मेट्रो थेट जाते, निळी लाइन, गाडी बदलायची गरज नाही. संपतराव पाठीवर फौजी पिट्ठू लावून जायचे आणि दीडशे कुल्हड पेंढ्यात गुंडाळून आणायचे. आठवड्यातून पाच दिवस. मेट्रोच्या तपासणीतला जवान रोज विचारायचा, "ताऊजी, चाय की दुकान खोल रहे हो क्या?" दोन महिन्यांनी त्यानं विचारणं सोडलं आणि सॅल्यूट ठोकायला लागला.

त्या हिवाळ्यात साठ फेऱ्या झाल्या. नऊ हजार कुल्हड. ते एकेक करून पालथे मांडले, फटींत चुना आणि विटांची भुकटी भरली, वर टाइलच्या दुकानातून आणलेले पांढरे फुटके तुकडे बसवले. पासष्टीच्या जवळ आलेला माणूस गुडघ्यांवर बसून एकटा हे करत होता, आणि आम्ही खाली म्हणत होतो की सुभेदार रिटायर झाल्यावर जरा सटकलेच.

मग बाकीचं. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून बांबूची चौकट, तिच्यावर जुन्या लोकरीच्या घोंगड्या टांगलेल्या. त्या पानिपतहून आणल्या, तिथे चिंध्यांपासून पुन्हा सूत काढून घोंगड्या विणतात. पानिपतावरून मराठी माणूस काहीतरी घेऊन सुखरूप परत आला असं हे एकच उदाहरण मला माहीत आहे. खिडक्यांना आतून पडदे नाहीत, बाहेरून चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, दोन खिडक्यांत वाळ्याचे पडदे. त्यांच्यावर वरून एका डब्यातून थेंब थेंब पाणी पडतं. पहाटे खिडक्या उघडून गार हवा आत घ्यायची, आठ वाजता बंद करून ती कोंडायची. माझी झोप मोडणारी ती खाट-खाट ह्यासाठी.

त्यानंतरच्या आठ उन्हाळ्यांत कांताकाकू एकदाही दवाखान्यात गेल्या नाहीत. हे वाक्य मी इथे मुद्दाम वेगळं लिहिते आहे, कारण पुढचं सगळं ह्या वाक्यासाठी झालं.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये सोसायटीची नोटीस आली. सगळ्या इमारतींच्या गच्च्यांवर गळती थांबवायला काळं डांबरी कापड चिकटवायचं ठरलं होतं, ठेकेदार नेमला होता. गच्ची सामाईक मालमत्ता, तिच्यावरचं 'अनधिकृत बांधकाम' तीस जूनपर्यंत काढावं. नोटिशीवर सेक्रेटरी अनुराग खन्ना ह्यांची सही होती. अनुराग वाईट माणूस नाही. तो फाइलचा माणूस आहे. फाइलीत जे नाही ते त्याच्या लेखी जगात नाही.

मी त्याच्याशी भांडायला गेले. भांडण हा माझा बऱ्यापैकी हातखंडा विषय आहे.

"अनुराग, उस छत से पानी एक बूँद भी नहीं टपकता. मेरे इंजिनियर ने वज़न भी चेक किया है."

"मॅम, मैं मानता हूँ. लेकिन कल को दूसरा बंदा बोलेगा, इनका रहने दिया, मेरा शेड क्यों तोड़ा? मुझे काग़ज़ चाहिए. कोई बाहर की संस्था लिख के दे दे कि ये छत काम की चीज़ है, मैं ख़ुद कमिटी में रखूँगा. प्रॉमिस."

कागद हवा होता, आणि कागद मिळवणं तर माझा धंदा. पूर्व दिल्लीतल्या रहिवासी संघांचा एक महासंघ आहे. तो दर वर्षी वीज वाचवणारी घरं आणि दुकानं निवडतो, त्यांना 'ऊर्जास्नेही' म्हणून सन्मानपत्र देतो. मागच्या वर्षी एका ड्रायक्लीनरला मिळालं होतं. मी संपतरावांचा अर्ज भरला, फोटो जोडले, अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बारा वाजता तीन परीक्षक घर पाहायला येणार असं पत्र आलं. नियम असा की ज्यानं नाव सुचवलं त्यानं पाहणीच्या वेळी घरात थांबायचं नाही.

मी वर जाऊन सांगितलं. "काका, शनिवारी तीन जण येतील. काहीही तयारी करू नका. जसं रोज असतं, बिल्कुल तसंच ठेवा."

"ठीक आहे," संपतराव म्हणाले.

इथे माझी चूक झाली. मी बाप-आजोबांपासून पुण्यातली, आमच्या घरात कुणी फौजेत गेलेलं नाही. मला हे माहीत नव्हतं की साहेबानं 'कसलीही तयारी करू नका' म्हटलं की त्याचा अर्थ तीन दिवस आधीपासून कामाला लागा असा असतो. तीस वर्षांत संपतरावांनी शेकडो पाहण्या दिल्या होत्या. पाहणी म्हणजे दगडांना चुना, कुंड्यांना गेरू, वापरातली प्रत्येक वस्तू ट्रंकेत, न वापरलेली प्रत्येक वस्तू मांडणीवर. मळकं, फाटकं, जोडकाम केलेलं काही दिसता कामा नये. साहेबानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही. आणि बायकामुलांनी आतल्या खोलीत बसायचं, दार लावून.

शुक्रवारी मी गुडगावात अडकले होते. शनिवारी साडेअकराला परीक्षकांची वाट बघत मी फाटकाशी उभी राहिले, तेव्हा जिन्याच्या कडेच्या कुंड्या गेरूनं लालभडक रंगवलेल्या दिसल्या. म्हटलं, सोसायटीला अक्कल आली वाटतं.

परीक्षक वेळेवर आले. मुख्य होत्या हेमलता सूद, आर्किटेक्चर कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाई, साठीच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात भिंतीचं तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. बरोबर दोन तरुण सहकारी. तिघंही वर गेले आणि अकरा मिनिटांत खाली आले.

"घर तो बहुत ही साफ़-सुथरा है," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात निव्वळ सभ्यपणा होता. "लेकिन विनया जी, इसमें एनर्जी वाली बात क्या है? अंदर उनतालीस डिग्री था."

"और छत?"

"छत पर तो तिरपाल बिछा है. हमने पूछा, नीचे कुछ है? बोले, सब ठीक है, मैडम." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "चलिए, हमें बी ब्लॉक में सोलर भी देखना है."

चार मजले मी कसे चढले ते मला आठवत नाही. दार उघडं होतं. संपतराव मध्यभागी उभे, कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर पदकं. सातही खिडक्या सताड उघड्या, भर बाराच्या उन्हात, घर हवेशीर दिसावं म्हणून. चिका गायब. वाळ्याचे पडदे गायब. पश्चिमेच्या घोंगड्या गायब, नुसती तापलेली भिंत. टेबलावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी, जी मी आठ वर्षांत कधी बघितली नव्हती.

"काका, हे काय केलंत?"

"सगळं ट्रंकेत आहे. कालच आवरलं. कुठं कचरा दिसला नाही त्यांना."

"तो कचरा बघायलाच ते आले होते!" मी ओरडले. सत्तरी ओलांडलेल्या माणसावर मी ओरडले, त्याची मला आजही लाज वाटते. "गच्चीवर ताडपत्री कुणी घालायला सांगितली?"

"फुटक्या फरश्या आहेत, विनयाताई. फुटकं कसं दाखवायचं बाहेरच्या माणसाला?" ते अजून सावधानमध्येच उभे होते. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना हळूहळू कळत गेलं. खांदे खाली आले. "म्हणजे... गेलं का?"

"गेलं. तीस तारखेला ते गच्ची उखडायला येतील. आणि तुम्ही विचारल्याशिवाय एक शब्द बोलला नाहीत! काकू आजारी असतात, त्यांच्यासाठी हे केलंय, एवढं तरी सांगायचं होतं!"

"ते कसं सांगायचं?" संपतराव म्हणाले. "घरातलं दुखणं साहेबांपुढं..."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. मी कांताकाकूंना साफ विसरले होते. त्या लावलेल्या दाराआड, एका खिडकीच्या खोलीत, दीड तास बसून होत्या. केस कपाळाला चिकटलेले, छाती भात्यासारखी हलत होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गेले का ते लोक?" त्यांनी मला विचारलं.

"बी ब्लॉकमध्ये आहेत. काकू, तुम्ही बसा. काका, आधी खिडक्या लावा."

त्या बसल्या नाहीत. दाराजवळच्या चपला पायांत घातल्या. दिवाळीपासून त्या जिना उतरल्या नव्हत्या.

"कांता, कुठं निघालीस?" संपतरावांचा आवाज एकदम फौजी झाला. "थांब म्हणतो ना. आत हो."

"तीस वर्षं आत झाले," काकू म्हणाल्या. "आता बाजूला व्हा."

त्यांनी कठडा धरला आणि उतरायला लागल्या. मी एका बाजूनं दंड धरला. त्या चार पायऱ्या उतरायच्या, थांबायच्या, ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायच्या, डॉक्टरांनी शिकवला होता तसा, आणि पुढच्या चार पायऱ्या. मागून संपतराव, एक पायरी अंतर ठेवून, दोन्ही हात पुढे धरून, जणू त्या मागे कोसळतील आणि ते झेलतील. तिसरा मजला, दुसरा मजला. मी दोनदा म्हटलं, "काकू, मी बोलावून आणते त्यांना." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पहिल्या मजल्याच्या वळणावर पाय थांबलेच. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

जिन्याच्या जाळीतून खालची मोकळी जागा दिसत होती. परीक्षक आपल्या गाडीकडे निघाले होते. बरोबर अनुराग होता, त्यांना निरोप द्यायला.

"मॅडम!" काकूंनी हाक मारली. ती हाक नव्हतीच, नुसता वारा होता. संपतरावांनी ते बघितलं. मग ह्या माणसानं, जो विचारल्याशिवाय बोलत नाही, जाळीला तोंड लावून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या इमारतीतली माणसं सज्जात आली.

"मैडम, रुकिए! मेरी घरवाली को कुछ कहना है!"

हेमलताबाई जिना चढून आल्या. अनुरागही आला. काकूंना बोलायला अर्धा मिनिट लागला, आणि त्यांची हिंदी तीस वर्षांच्या छावण्यांनंतरही कोरेगावचीच आहे.

"आपने हमारा घर देख्या नहीं," त्या म्हणाल्या. श्वास. "वो घर ऐसा नहीं रहता. ये आदमी ने सब निकाल के रख्या. साहब लोग आने वाले थे ना." श्वास. "आप बिना बताए आओ. दोपहर को आओ. फिर देखो."

हेमलताबाई काकूंसमोर पायरीवर बसल्या. त्यांनी काकूंच्या मनगटावर हात ठेवला, ओठांचा रंग बघितला, आणि विचारलं, "आपको ये तकलीफ़ कब से है?"

"बहोत साल." आणि मग, नवऱ्याकडे न बघता, "इसी के लिए तो इन्होंने छत बनाया. इनको बोलने को नहीं आता."

संपतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या छातीवरची पदकं भिंतीला घासत होती.

काकूंना आम्ही खुर्चीत बसवून वर नेलं. खुर्चीचा एक पाय अनुरागनं धरला होता. वर गेल्यावर संपतराव पुन्हा सॅपर झाले. हुकूम सुटायला लागले. खिडक्या बंद. ट्रंक उघड. चिका ह्या खिडकीला, वाळा त्या. डब्यात पाणी. अनुराग आणि मी गच्चीवर ताडपत्री ओढायला गेलो. अनुरागनं चप्पल खाली काढली होती. तापलेल्या ताडपत्रीवर तो अनवाणी नाचला, अक्षरशः, आणि ती गुंडाळून बाजूला पडल्यावर पांढऱ्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं, तसा जरा वेळानं तिथे पाय न उचलता नुसता उभा राहिला. सव्वातासानं घराचा पारा उतरायला लागला. संध्याकाळपर्यंत काकूंचा श्वास लागणं कमी झालं. दवाखाना टळला, पण थोडक्यात.

मग वाट बघणं. हेमलताबाईंनी 'बघू' एवढंच म्हटलं होतं. रविवार गेला, आठवडा गेला. संपतरावांनी कुठल्याच वस्तूला हात लावला नाही, पण दर दुपारी दोन वाजता इस्त्रीचा शर्ट घालून बसायला लागले. मी सांगून पाहिलं. शेवटी काकूंनी ते शर्ट धुवायला टाकले.

सव्वीस जूनला, तीस तारखेला चार दिवस राहिले असताना, मी घरून काम करत होते. दुपारी अडीच वाजता बेल वाजली. दारात हेमलताबाई, एकट्या, घामानं निथळत, हातात ते यंत्र. बाहेर चव्वेचाळीस होतं.

"ऊपर चलेंगी?" त्यांनी हळूच विचारलं. "आज नियम-वियम रहने दीजिए."

वरचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मिणमिणता उजेड, वाळ्याचा ओला वास, थेंबांचा आवाज. संपतराव बनियन आणि लेंग्यावर जमिनीवर बसून लसूण सोलत होते. पलंगावर कांताकाकू कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबकळलेला.

आम्हाला बघून संपतराव ताडकन उठले. लसणाची टरफलं सांडली. मी त्यांचा चेहरा बघितला आणि मला माहीत होतं की आता काय होणार. ते पलंगाशी गेले. काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, उठवून आत पाठवायला. तीस वर्षांची सवय होती, हात आपोआपच गेला.

हात खांद्यावर तसाच राहिला. काकूंचा श्वास संथ चालला होता, खालीवर, खालीवर, शिट्टी नाही, धाप नाही. संपतराव बघत राहिले. मग त्यांनी तो हात हळूच काढून घेतला आणि आमच्याकडे वळले.

"धीरे बोलिए," ते मुख्य परीक्षकांना म्हणाले. "वो सो रही है."

हेमलताबाईंनी यंत्र छताकडे धरलं. चौतीस. समोरच्या इमारतीतल्या शेवटच्या मजल्यावर त्या आधी जाऊन आल्या होत्या, तिथल्या छताचा आकडा सत्तेचाळीस होता. त्यांनी तो वहीत लिहिला, पण बराच वेळ त्यांचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. त्या पलंगाकडे बघत होत्या. वीस मिनिटं आम्ही तिघं उभ्या उभ्याच होतो, कारण बसायची खुर्ची ओढली असती तर आवाज झाला असता.

सन्मानपत्र आलं, एकोणतीस तारखेला. अनुराग स्वतः घेऊन आला. फाइलला लावून कमिटीचा ठरावही घेऊन आला: गच्चीला हात लावायचा नाही. वर म्हणाला की डांबरी कापडाचं काम थांबवलंय, आणि अंकल, सी ब्लॉकसाठी किती कुल्हड लागतील ते जरा सांगाल का. संपतरावांनी कागद घेतला, वाचला, घडी घातली. अशा वेळी माणसानं काहीतरी बोलावं. ते 'ठीक आहे' म्हणाले.

पण मला सांगायचं आहे ते त्या सव्वीस तारखेचं. हेमलताबाई गेल्या, मी जिन्याच्या वरच्या पायरीवर चपला घालत होते, तेव्हा आत काकू जाग्या झाल्या.

"कुणी आलं होतं का?"

"परीक्षक मॅडम. बघून गेल्या सगळं."

"अगं बाई! आणि मला उठवलं नाहीत? मी अशी लोळत पडलेली!"

"गाढ झोपली होतीस."

"म्हणून काय? साहेब लोक घरात उभे, आणि मी झोपलेली?"

"हो," संपतराव म्हणाले. "ते उभे होते. तू झोपलेली होतीस."

मग काकूंनी नाक पुसल्याचं ऐकू आलं, आणि संपतराव पुन्हा लसूण सोलायला बसले.